दहांतला एक

मुक्काम निंभोरे, मूर्तिजापूर-बडनेरा वाटेवर
ता. ११ जून १८६५

तीर्थस्वरूप रूबेनजीदादा यांस एलोजीचा शालोम.

तुमचा कागद सव्वीस दिवसांनी पोचला. उलटून पाहिला, पाकीट फाडून आत पाहिले. एका ओळीशिवाय काही नव्हते. ती ओळ इब्रीत, तुमच्या हातची, आणि खाली मराठीत एवढेच, "याचा अर्थ लाव." ना शालोम, ना घरची खुशाली. दाऊदची बायको मिलका कशी आहे तेही नाही.

ओळ वाचता आली. अक्षरे तुम्हीच शिकवलीत, घाण्याच्या बैलामागे फिरता फिरता. पण आपल्या नवगावात प्रार्थना तोंडपाठ सगळ्यांना, अर्थ कोणाला विचारावा? वचन यशाया नबीचे आहे इतके ओळखले. एक शब्द लागला, असिरिया, म्हणजे दहावा. आम्ही इथे दहा होतो आणि मी राहिलो. तुम्हाला तेच म्हणायचे असेल तर ते मला समजले. पुढचे समजले नाही.

दाऊदविषयी सविस्तर लिहिले नव्हते, ते आता लिहितो. आगगाडीच्या पुलाच्या सुतारकामावर आपले दहा जण होतो. नवगावचे आम्ही दोघे भाऊ आणि आणखी दोघे, तीन थळचे, तीन रेवदंड्याचे. इथल्या लोकांना आपण कोण ते सांगता सांगता जीभ दुखते. आपल्या प्रार्थनाघराला मशीद म्हटले की मुसलमान समजतात, शनिवार पाळतो म्हटले की हसतात. मग सांगतो की आम्ही बेने इस्राएल, यहुदी, कोकणातले. दाऊदला मात्र या बोलण्याचा कंटाळा नव्हता. दहा पुरुष जमल्याशिवाय आपली प्रार्थना पुरी होत नाही म्हणून शुक्रवारी दिवस कलला की तो एकेकाला कामावरून हाक मारायचा आणि नाल्याकाठच्या निंबाखाली उभे करायचा. आपल्यात सर्वांत लहान तो, पण त्याचे सगळे ऐकत.

चैत्रात नाला आटला. पात्रात खड्डा खणून आमचे पाणी येई आणि दहा जणांचा माठ एकच होता. पटकी त्या पाण्यातून आली असे इथले डॉक्टरसाहेब म्हणतात. पटकी लागली त्या शनिवारी मी अमरावतीला होतो. मुख्य साहेबाने खिळे आणि बिजागऱ्या आणायला धाडले होते. बुधवारी परत आलो तेव्हा सगळे आटोपले होते. नऊही जणांना मूठमाती मिळाली, कोणाला जाळले नाही, एवढे मिलकाला सांगा.

तुम्ही आम्हाला वऱ्हाडात जाऊ नका म्हणाला होतात. मीच दाऊदला घेऊन आलो. हे मला आठवण करून द्यायची गरज नाही.

आज्ञांकित,
एलोजी

मुक्काम अकोला
ता. २० ऑगस्ट १८६५

तीर्थस्वरूप रूबेनजीदादा यांस एलोजीचा शालोम.

मागच्या पत्राला उत्तर नाही. तरी लिहितो, कारण वचनाचा अर्थ लागला आहे, निदान काही.

सागाचे वासे निवडायला मला अकोल्याला पाठवले आहे. इथे कापसाच्या बाजारात पूर्वी पाय ठेवायला जागा नसे. आता अमेरिकेतली लढाई मिटली, विलायतेला तिकडचा कापूस पुन्हा मिळू लागला, आणि गाड्या भरलेल्या तशाच उभ्या आहेत. जे गेल्या वर्षी बैलांच्या शिंगांना चांदी लावत होते ते सावलीला बसून आभाळ पाहतात. गाठी पारखायला मुंबईच्या एका पेढीने एक वृद्ध गृहस्थ ठेवले आहेत, हेस्केल नावाचे, बगदादचे यहुदी. तेही रिकामेच होते. त्यांच्याकडे ग्रंथ आहे असे कळले म्हणून गेलो.

त्यांनी मला ओसरीवर बसवले, आत घेतले नाही. बगदादी लोक आपल्याला कमी समजतात हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या हातचे पाणीही घेतले नाही. पण तुमची ओळ पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

"ये किसने लिखा?"

"माझ्या थोरल्या भावाने."

"आधा लिखा है," ते म्हणाले, आणि आतून ग्रंथ घेऊन आले.

दादा, तुम्ही वचन मध्येच तोडले. तुम्ही लिहिले तेवढ्याचा अर्थ असा, की त्या देशात एक दहावा हिस्सा उरेल, आणि तोही पुन्हा जाळात जाईल. तिथे तुम्ही थांबलात. पण ग्रंथात पुढे आहे, की एला आणि अलोन ही झाडे तोडली तरी त्यांचा बुंधा राहतो, तसे होईल, आणि पवित्र बीज हाच तो बुंधा.

मी त्यांना शब्द न् शब्द विचारला. हेस्केलशेठ चिडले नाहीत. त्यांना इथे कोणी असे विचारत नाही. ते म्हणाले, यातला एकही शब्द सरळ नाही. जाळणे म्हटले तो शब्द चरण्यालाही लागतो, गुरे उभे पीक खातात तसे. तोडणे म्हटले ते काही शास्त्री पानगळ समजतात, म्हणजे झाड तोडलेले नाही, फक्त उघडे झाले आहे. आणि बुंध्याला जो शब्द आहे, मसेबेत, तो उभ्या दगडालाही आहे, मेलेल्या माणसाच्या नावाने लावतात त्या. हे शेवटचे मी नीट ऐकले नाही. माझे मन पवित्र बीज या दोन शब्दांत अडकले होते. मी विचारले, दहांत जो एक उरतो तो देवाने निवडलेला असतो, असा अर्थ होतो का?

त्यांनी चष्मा काढला. "भाई, इसमें कहीं लिखा है कि बचनेवाला अच्छा था? लिखा है कि बचेगा, और फिर जलेगा. ये तुम्हारी तारीफ नहीं है."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखले की काय, मला माहीत नाही.

म्हणून एक गोष्ट दुरुस्त करतो. मला खिळे आणायला कोणी पाठवले नव्हते. भाव चढलेला असताना मी एका गाडीवाल्याबरोबर थोडा कापूस घेऊन ठेवला होता आणि लढाई मिटल्याची बोलवा आली तेव्हा तो लगेच विकायचा होता. बाजार शनिवारी होता. गावात लोक आपल्याला शनवारतेली म्हणतात, कारण वाडवडिलांनी कधी शनिवारी घाणा जुंपला नाही. मी शुक्रवारी दुपारी निघालो. दाऊद पुलाच्या ओट्यावर उभा होता. म्हणाला, "तू गेलास तर आम्ही नऊच." मी म्हणालो, एक शनिवार नऊ राहिलात तर काय बिघडते.

मी पाप करायला गेलो म्हणून त्या माठातले पाणी प्यालो नाही. जे राहिले ते नेमाने राहिले आणि गेले. याचा अर्थ कसा लावायचा ते हेस्केलशेठनाही विचारायचा धीर झाला नाही.

एलोजी

मुक्काम निंभोरे
ता. ५ नोव्हेंबर १८६५

रूबेनजीदादा यांस,

उद्या पहाटे मी अमरावतीला निघणार आहे. तिथे जे सांगणार ते आधी तुम्हाला कळले पाहिजे. कचेरीतून फिरत फिरत ते तुमच्यापर्यंत जाऊ नये.

मी बुधवारी परत आलो हे खोटे आहे. मी रविवारी सकाळी परत आलो. दाऊद मंगळवारी गेला.

आता क्रमाने लिहितो. गाडीवाल्याने मला नाल्याच्या अलीकडे सोडले. तिथे खुशालराव यांचे शेत आहे, काळी जमीन, आमच्या मुक्कामाला लागूनच. विहिरीवर खुशालराव होते. त्यांनी हात आडवा धरला. म्हणाले, "तिकडं जाऊ नोका. मानसं मरून राहिले तिथं." मला नावाने ते ओळखत नव्हते. त्यांच्या आईंनी, मैनाबाईंनी, मला शेतातल्या झोपडीत बसवले. झोपडीच्या दारातून मुक्कामावरचा निंब दिसतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती इतका जवळ.

मैनाबाई पन्नाशीच्या असतील, विधवा, बारीक अंगाच्या. मुक्कामावरचे मजूर पळून गेले होते आणि आपल्या माणसांना पाणी द्यायला कोणी नव्हते. त्या आपल्या विहिरीचे पाणी घागरीने नेत होत्या. मुलगा नको म्हणत होता तरी जात होत्या. रविवारी संध्याकाळी परत आल्या, विहिरीवर डोक्यावरून अंघोळ केली, आणि ओल्या लुगड्याने झोपडीपासून लांब बसून म्हणाल्या, "एक पोरगं हाये, एलोजी एलोजी करून राह्यलं. कोन व्हय हा एलोजी? तुमच्यातलाच का?"

मी म्हणालो, "असेल कोणी."

दादा, हे दोन शब्द लिहायला मला सात महिने लागले.

सोमवारी त्या पुन्हा गेल्या. आल्यावर म्हणाल्या, तो आता शुद्धीवर आहे, बोलतो नीट. त्याने विचारले, "एलोजी आला का?" मैनाबाईंनी सांगितले, "येईन तो." मग त्याने दुसरे सांगितले. मुक्कामावरची प्रेते ढीग करून जाळायची असे ठरत होते. तो मैनाबाईंना म्हणाला, आम्हाला जाळू नका, आमच्यात जाळत नाहीत, मातीत द्या, सगळ्यांना, एका रांगेत. त्यांनी त्याला वचन दिले आणि घरी येऊन खुशालरावांशी भांडून चार माणसे मिळवली. मी हे सगळे ऐकले. त्यांनी दिलेली भाकरी खाल्ली. उठलो नाही. झोपडीच्या कुडातून निंब दिसत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

मंगळवारी सकाळी त्या घागर भरलेलीच परत घेऊन आल्या, तेव्हा समजलो.

पुढे डॉक्टरसाहेबांची माणसे आली. मेलेल्यांच्या नातलगांना वेगळ्या छपरात ठेवत होते आणि सामान जाळत होते. कचेरीचे कारकून वामनराव यांनी मला विचारले, यांत तुमचे कोणी? मी सांगितले, एका कामावरचे, नात्याचे कोणी नाही. त्यांनी लिहिले आणि मी खाली सही केली. त्याच सहीवर मला नंतर मुकादमी मिळाली, कारण जुन्या सुतारांत मी एकटाच उरलो होतो.

हे सात महिने असे निभले. पण परवा वामनराव पुन्हा आले. रुळांच्या भरावाला माती कमी पडते आहे, आणि निंबापासून नाल्यापर्यंतची जागा खणायची ठरली आहे. खुशालराव म्हणाले, तिथे माणसे पुरलेली आहेत. वामनराव म्हणाले, खूण नाही, दगड नाही, कागदावर कोणी वारस नाही. कोणा नातलगाने अमरावतीला येऊन साहेबापुढे हक्क सांगितला तर गोष्ट वेगळी. आठ दिवसांत खणती लागेल.

खुशालराव माझ्याकडे वळून म्हणाले, "मुकादम, तुमी त्यायच्याच जातीचे. कोनाले कागद लिवा ना, कोनी भाऊबंद असन त्यायचा." मैनाबाई तिथेच कापूस वेचत होत्या.

तुम्हाला कळवून तुम्ही येईपर्यंत माती निघून गेली असती. म्हणून मी जातो.

तुमच्या वचनातला पुन्हा जाळ मला आता कळतो असे वाटते. उरलेला सुटला असे त्यात कुठेच म्हटलेले नाही. 

एलोजी

मुक्काम अमरावती
ता. १४ जानेवारी १८६६

रूबेनजीदादा यांस एलोजीचा शालोम.

जागा राहिली. आधी हे.

त्या दिवशी कचेरीत गेलो तर व्हरांड्यात खुशालराव आणि मैनाबाई बसलेले. ते आपल्या बैलगाडीने माझ्या आधी पोचले होते. त्यांना वाटले, कोणी वारस मिळाला नाही तर निदान पुरणाऱ्यांनी सांगावे. मला पाहून मैनाबाई म्हणाल्या, "बरं केलं आले तं." मला तिथूनच परत फिरावेसे वाटले.

साहेब टेबलाशी होता, वामनराव मध्ये उभे राहून समजावत होते. मी सांगितले की निंबाखाली माझा सख्खा भाऊ आहे, दाऊद नाव. वामनरावांनी दप्तरातून जुना कागद काढला आणि मोठ्याने वाचला, माझ्या सहीसकट. साहेबाने काही विचारले. वामनराव म्हणाले, "साहेब विचारतात, खोटं तेव्हा सांगितलंत की आत्ता?"

"तेव्हा."

"का?"

"भ्यालो होतो."

त्यांनी हे इंग्रजीत सांगितले. साहेबाने मान वर करून पाहिले, रागावला नाही, लिहून घेतले. मग मैनाबाईंना आत बोलावून कुठे कुठे पुरले ते विचारले. त्यांनी फरशीवर बोटाने रांग काढून दाखवली. माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

हुकूम झाला की माती नाल्याच्या पलीकडून घ्यावी आणि निंबाखालची जागा दगड मांडून आखावी. खोट्या जबानीवर सही केली म्हणून माझी मुकादमी गेली. साधा सुतार म्हणून ठेवले, तेही मागून सांगितल्यावर. आता अमरावतीत इमारतीच्या दारांचे काम करतो आणि आठवड्यातून एकदा निंभोऱ्याला जातो, शनिवार सोडून.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला गाडीत घेतले. बडनेऱ्याला बैलांना पाणी पाजायला खुशालराव उतरले तेव्हा मैनाबाई म्हणाल्या, "तुमीच एलोजी."

"हो."

"म्या इचारलं होतं. काहून सांगतलं नाही?"

"भ्यालो."

"भेव तं मले पन लागलं होतं," त्या म्हणाल्या. "तरी म्या घागर उचलली. पन भेलेल्या मानसानं भेलो म्हनाव, बावा. त्याचं नाव काहून टाकलं?"

लगेच त्याच म्हणाल्या, "म्या त्याले येईन तो म्हणलं. मले खोटं पाडलं तुमी." आणि मग डोक्यावरचा पदर नीट करून पुढे पाहत बसल्या. घरी पोचल्यावर भाकर मात्र वाढली.

हेस्केलशेठनी सांगितलेला तो शेवटचा शब्द, जो मी नीट ऐकला नव्हता, मला त्या गाडीत आठवला. बुंधा आणि मेलेल्याच्या नावाचा दगड, दोन्हीला एकच शब्द. मी इतके महिने स्वतःला विचारत होतो की पवित्र बीज मी असेन का, आणि नसेन तर मला ठेवले कशाला. आता वाटते, मी चुकीच्या ठिकाणी उभा राहून वाचत होतो. बुंधा झाडापेक्षा चांगला म्हणून राहत नाही. इथे झाड होते, एवढे त्याच्यावरून कळते. आणि पवित्र बीज कोण ते मला सांगता येत नाही. मला कोणी विचारले तर मी त्या धाकट्याचे नाव घेईन, जो मरता मरता आठ जणांच्या मातीची व्यवस्था लावून गेला. हा अर्थ शास्त्रात बसतो की नाही ते तुम्ही पाहा. तुम्ही विचारले होते म्हणून लिहिले.

सागाच्या नऊ पाट्या केल्या आहेत. नावे बाळबोधीत आणि इब्रीत कोरली. दाऊदची जागा मैनाबाईंना नक्की माहीत आहे. बाकीचे आठ कोण कुठे ते कोणालाच माहीत नाही, म्हणून त्यांच्या पाट्या जशा सुचल्या तशा लावल्या. नवगावच्या त्या दोघांच्या, थळच्या आणि रेवदंड्याच्या घरांना मी स्वतंत्र पत्रे लिहिली आहेत आणि त्यांत काही लपवलेले नाही.

तुमच्या उत्तराची वाट पाहतो असे लिहिणार नाही. पण टपालाच्या दिवशी मी जातो.

एलोजी

मुक्काम बडनेरा
ता. ९ डिसेंबर १८६६

मिलका हिस एलोजीचा शालोम.

थोरल्या दिराने धाकट्या भावजयीला थेट लिहायची आपल्यात रीत नाही. दादांनीच सांगितले, "तिला तू लिही, मी सांगणार नाही. ते माझं सांगणं नव्हे." म्हणून लिहितो.

दादा इकडे आले ते तुला माहीत आहे. मला माहीत नव्हते. बडनेऱ्याच्या स्टेशनवर मी छपराच्या लाकडी सांगाड्यावर बसून खिळे ठोकत होतो. दुपारची गाडी आली आणि एक उंच म्हातारा पेटी घेऊन उतरला. दादांची दाढी इतकी पांढरी झाली आहे हे मला कोणी कळवले नव्हते. मी उतरून समोर गेलो. ते म्हणाले, "जागा दाखव."

दुसऱ्या दिवशी निंभोऱ्याला गेलो. स्टेशनात आता आपले चार जण कामाला आहेत, त्यांनाही बरोबर घेतले. दादांनी मैनाबाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "माझ्या भावाचं सगळं सांगा. हा इथे आहे म्हणून काही गाळू नका."

त्यांनी काही गाळले नाही. "एलोजी आला का" हेही सांगितले, आणि आपण "येईन तो" म्हटले तेही. मिलका, तुझ्याविषयीही एक गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली, जी मला कधी सांगितली नव्हती. ती मी लिहीत नाही. ती तुझी आहे, तू त्यांच्याच तोंडून ऐक.

मग दादांनी विचारले, "तू कुठे होतास?" मी झोपडी दाखवली. ते झोपडीपर्यंत गेले, आत वाकून पाहिले, आणि तिथून निंबापर्यंत काठी टेकत चालत आले. कापसाच्या पऱ्हाट्यांत धोतर अडकत होते. आल्यावर पाटीला हात लावून उभे राहिले. ते म्हणाले, "पुढचं वचन मला येत होतं. तू जळावास म्हणून अर्धं लिहिलं. दीड वर्ष ते माझ्या छातीवर आहे."

आम्ही सहाच होतो, म्हणून मृतांसाठीची प्रार्थना पुरी म्हणता आली नाही. दादा नियम मोडत नाहीत. त्यांनी नऊ नावे वाचली आणि ते वचन शेवटपर्यंत म्हटले. मैनाबाईंना मराठीत अर्थ सांगितला. त्यांनी विचारले, "कोनतं झाड ते?"

"एला आणि अलोन," दादा म्हणाले. "इकडे होत नाही. मीही पाहिलेलं नाही."

"मंग निंबच समजा," त्या म्हणाल्या. "निंब तोडला तं फुटते. पन दोन सालं काई दिसत नाही. लोकाले वाटते मेला."

दादांना हसू आले. इथे आल्यापासून पहिल्यांदा. मग त्यांनी माझ्याकडे वळून दोन्ही हात पुढे केले, शनिवारच्या प्रार्थनेनंतर करतात तसे. मी त्यांच्या हातांना हात लावले आणि बोटे ओठांशी नेली. त्यांनीही तसेच केले. माफ केले असे ते म्हणाले नाहीत आणि मी विचारले नाही. चार दिवस राहिले, माझ्या हातचा भात खाल्ला, मीठ कमी आहे म्हणाले, आणि गुरुवारी गेले.

आता तुझे. दाऊदला घरून मी नेले. त्याने मला बोलावले आणि मी गेलो नाही. तो एकटा गेला नाही, एका परक्या बाईने त्याच्या तोंडात पाणी घातले, पण ते माझ्यामुळे नव्हे. यापेक्षा वेगळे काही तुला कोणी सांगितले असेल तर ते मीच पूर्वी लिहिलेले खोटे आहे.

तो रांगेत निंबाच्या बाजूला शेवटचा आहे. सकाळी तिथे सावली असते. मुंबईहून बसलीस तर बदली न करता बडनेऱ्यापर्यंत येता येते. तुला यावेसे वाटले तर मी फलाटावर असेन आणि गाडी जुंपून ठेवीन. माझे तोंड पाहावेसे वाटत नसेल तर तेही बरोबर आहे. मग दादांकडून एक ओळ धाड. त्या दिवशी मी अमरावतीला कामाला जाईन, खुशालराव स्टेशनवर येतील आणि मैनाबाई तुला जागा दाखवतील. त्यांनी विचारले आहे, तू ज्वारीची भाकर खातेस का.

एलोजी